सल्ला हवा: व्याह्यांच्या आडनावाचा इतिहास, बजेट २० पौंड

बोल्टनची_मावशी
आमच्या सूनबाईचं माहेरचं आडनाव बर्टविसल. व्याही पुढच्या महिन्यात साठ वर्षांचे होतायत, आपल्यासारखी साठीशांत त्यांच्यात नसते, म्हणून म्हटलं आडनावाचा इतिहास शोधून काहीतरी द्यावं. आजोबा बर्न्लीच्या कापडगिरणीत होते एवढंच त्यांना माहितीये. कुठून सुरू करू?

रानपाखरू
बर्ड आणि व्हिसल, पक्ष्याची शीळ! किती गोड आडनाव.

आडगावकर
शीळ नाही हो ताई. आपल्या 'कर'सारखं गावावरून पडलेलं आडनाव आहे. लँकशायरमध्ये हॅप्टनजवळ त्या नावाची जागा होती. जुन्या इंग्रजीत ब्रिड म्हणजे पक्ष्याचं पिल्लू आणि ट्विसला म्हणजे दोन ओढे मिळतात तिथलं बेचकं. एन्टविसल आडनावातलं 'ट्विसल'ही तेच. मी ऑक्सफर्डचा आडनावकोश घेतलाय, २०१६ चा, चार खंड, ४५ हजारांवर आडनावं. तोच घ्या.

पुणेरी_पाहुणा
वीस पौंडात चार खंड कुठून येणार? आणि उच्चार बर्टविस्टल ना, स्पेलिंगमध्ये टी आहे.

आडगावकर
दुसरा टी मुका, कॅसलमधल्यासारखा. संगीतकार हॅरिसन बर्टविसल पण असंच म्हणायचे, १९३४ ला ॲक्रिंग्टनला जन्मले, हॅप्टनच्या शेजारीच.

सुमी७४
कुलचिन्हाची लाकडी ढाल मिळते ऑनलाइन. मी नवऱ्याच्या बॉससाठी घेतली ४५ पौंडाला, दिसायला एकदम राजेशाही.

जुनी_कागदं
ढाल नको. इंग्लंडात कुलचिन्ह माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. मीही फसलेय, वर ढालीवर नावाचं स्पेलिंगच चुकलेलं. त्यापेक्षा फ्रीबीएमडी ही वेबसाइट बघा, फुकट आहे, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी जुलै १८३७ पासून. त्याआधीचं चर्चच्या रजिस्टरात, ती १५३८ पासून, लँकशायरची बरीचशी 'ऑनलाइन पॅरिश क्लार्क' या साइटवर फुकट. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरोघरची नावं मिळतात. १९३१ ची शोधू नका, १९४२ च्या आगीत जळाली. आणि स्पेलिंग बदलून बदलून शोधा, लिहिणारा कानाला येईल तसं लिहायचा.

रानपाखरू
म्हणजे पिल्लू तर आहेच ना त्यात!

डीएनए_दादा
डीएनए टेस्ट द्या. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, आडनावासारखाच, त्यामुळे व्याह्यांचीच करायला हवी, सूनबाईची चालणार नाही. मी तिघांच्या केल्या, दोनशेच्या वर गेले पण मजा आली.

सुमी७४
ढाल भिंतीवर तरी दिसते.

बोल्टनची_मावशी
सगळ्यांचे आभार. जुनी_कागदं ताईंचं ऐकून फ्रीबीएमडीवर बसले, व्याह्यांच्या आजोबांचं लग्न सापडलं, बर्न्लीच! सूनबाई स्क्रीनवर बोट ठेवून कितीतरी वेळ ते नाव बघत राहिली. गिफ्ट मात्र कोणीच सुचवलं नाही ते ठरलंय. आपल्या दारावर असते तशी पितळी पाटी, वर इंग्रजीत आणि खाली देवनागरीत 'बर्टविसल'. पुण्याला भावाला सांगितलंय, १८०० रुपये. पुणेरी_पाहुणा, दुसरा ट नाही घातला हं.