'आय लिव्ह इन पुणे ओन्ली' : यात लाज कसली?

जुना_मास्तर
काल इथे एकाने लिहिलं की 'आय लिव्ह इन पुणे ओन्ली' असं बोलणारी मराठी माणसं भेटली की त्याला लाज वाटते. ३२ वर्षं इंग्रजी शिकवलंय, म्हणून बोलतो. हा ओन्ली म्हणजे आपला 'च'. इंग्रजी ओन्ली फक्त कुंपण घालतो, म्हणजे 'एवढंच, बाकी नाही'. आपला च कुंपणही घालतो आणि ठासूनही सांगतो. 'मी येणारच' यात कुंपण कुठाय? हिंदीवाल्यांचा 'ही' तसाच, म्हणून हा ओन्ली देशभर चालतो. आणि खुद्द इंग्रजांचा ओन्ली तरी कुठे जागेवर असतो? 'आय हॅड ओन्ली टी'ऐवजी 'आय ओन्ली हॅड टी' ते सर्रास म्हणतात. अर्थ स्पष्ट असेल तर तो उगाच हलवू नका, असं इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय.

रात्रपाळी
सर, फाउलर आमच्या क्लायंटला सांगा. आमच्या टीममधल्या मुलाने लंडनला मेल केला, 'द बॅकअप इज इन धिस फोल्डर ओन्ली'. त्याला म्हणायचं होतं, 'याच फोल्डरमध्ये आहे, बघा.' त्यांनी वाचलं, दुसरीकडे कुठेच प्रत नाही. रात्री साडेअकराला कॉल, दोन तास. पोरगा रडवेला झाला होता. लाज नाही, पण नुकसान आहे.

उंबरठा
मास्तर, च कुंपण घालतोच, तुम्ही त्याला फार मोकळं सोडताय. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' मुलांना कसं शिकवता? फ्यू म्हणजे थोडेच, अ फ्यू म्हणजे थोडे. सगळा फरक त्या च मध्ये.

जुना_मास्तर
तसंच शिकवतो. हे मान्य. पण म्हणून बोलणाऱ्याला हसायचं?

भाषांतरवाली
ओन्लीने एक कॉल वाढला, 'पर्यंत'ने माझ्या भाचीचं वर्ष गेलं असतं. 'बाय फ्रायडे' आणि 'टिल फ्रायडे' दोन्हीला आपण 'शुक्रवारपर्यंत' म्हणतो. एक म्हणजे त्याच्या आत कधीही उरका, दुसरं म्हणजे तोवर चालू ठेवा. आणि शुक्रवार धरायचा की नाही? अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. भाची शुक्रवारी दुपारी खिडकीपाशी, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. आतला म्हणाला, काल संपली. तिथेच उभं राहून मी अर्धा तास भांडले, तेव्हा शिक्का मारला.

रात्रपाळी
ही त्या माणसाची मुजोरी, भाषेचा दोष नाही. 'पर्यंत'मध्ये शुक्रवार येतोच.

भाषांतरवाली
येतोच? 'दारापर्यंत सोडायला आले' म्हणजे दार ओलांडलं का? रोज असली वाक्यं माझ्या हातातून जातात, उगाच बोलत नाहीये.

उंबरठा
म्हणून तर जुने लोक '३१ मार्चअखेर' लिहायचे. 'अखेर' म्हटलं की तो दिवस आत. हा शब्द आपणच टाकून दिला.

रात्रपाळी
'अखेर' हिशेबाला ठीक. मेलमध्ये कोण लिहिणार?

भाषांतरवाली
मी लिहिते. 'शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत'. चार शब्द जास्त जातात, जाऊ देत.

जुना_मास्तर
विषय कुठे गेला! चेकवरचा 'ओन्ली' विसरलात. रकमेपुढे कुणी काही वाढवू नये म्हणून तो. आपण तिथे 'फक्त' लिहितो, जुन्या कागदांत 'मात्र' असे. तोच मात्र आज 'पण'चं काम करतो. इंग्रजीतही ओन्ली कधी 'पण' होतो, 'आय वुड कम, ओन्ली आय ॲम बिझी', आणि 'बट' कधी 'फक्त' होतो. शब्द घर बदलतात. आपल्या ओन्लीने बदललं तर बिघडलं कुठे?

रात्रपाळी
बरं, घरात, बसमध्ये, मित्रांत, कुठेही बोला, हसणार नाही. मेलमध्ये मात्र मी तो खोडणारच.

उंबरठा
'खोडणारच'. इंग्रजीत सांगा आता हे, ओन्ली न लावता.