सिकलसेल आणि पहाटेचा फुटाळा
दीर्घ आजार जडला की आवडीनिवडींवर पाणी सोडावेच लागते, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. शरीरातले पाणी कमी झाले किंवा अंगाला एकदम गारठा लागला, की विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात, त्यामुळे पारा 45 अंशांवर नेणारा नागपूरचा मे महिना आणि डिसेंबरची थंडी हे दोन्ही जपूनच काढावे लागतात. थंड पाण्यातले पोहणे सुटले, याचे दुःख अजूनही आहे. मात्र उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली घेऊन, मी नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर पक्षी पाहायला जाते, आणि पाण्यावर झेपावणारा खंड्या दिसला की रात्रभर दुखलेल्या गुडघ्यांचा तासभर तरी खरोखर विसर पडतो.