शिक्षकांची यादी आणि चाचणीची यादी जुळत नाही, जादा तासाला कोणाला बसवायचं?

चौथी_ब: संकलित चाचणीत 40 टक्क्यांखाली असलेली मुलं आणि वर्गशिक्षकांनी सुचवलेली मुलं, यांत जेमतेम निम्मी नावं सारखी आहेत. जागा मोजक्याच. कोणती यादी धरावी?

मोजपट्टी: कुठलीच एकटी नको. 2012 साली 75 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात शिक्षकांचा अंदाज आणि गुण यांचा सरासरी सहसंबंध (दोन्ही किती जुळतात याचं माप, पूर्ण जुळले तर 1) 0.63 आला. या आकड्याचा वर्ग केला की 0.40, म्हणजे गुणांतला निम्म्याहून जास्त फरक अंदाजात येतच नाही. कोण पुढे, कोण मागे हा क्रम शिक्षक बरा लावतात, चुकते ती पातळी. अख्खा वर्ग मागे असेल तर मधलं मूल 'ठीक' वाटतं.

दोन्ही यादीत असलेली मुलं सरळ घ्या. बाकीच्यांना एकेकटं बसवून 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या पद्धतीने वाचायला द्या. आधी उतारा. सलग वाचला आणि चुका तीनपर्यंत असल्या तर गोष्ट. नाहीतर पाच शब्द, चार बरोबर हवेत. तेही जमलं नाही तर पाच अक्षरं. उतारा पुस्तकातला नको. धडा पाठ असलेलं मूल भलत्याच ओळीवर बोट ठेवून खडाखडा 'वाचतं'.

हातचा: गणिताचा पेपर उघडून बघाच. 52 − 27 चं उत्तर 35 असेल तर हातचा कळलेला नाही, 7 मधून 2 वजा केलेत. उभी मांडणी बरोबर पण शाब्दिक उदाहरण कोरं असेल तर अडचण बहुतेक वाचनाची. त्या मुलाला गणिताच्या तासाला बसवून उपयोग नाही. घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना प्रश्न त्यांच्या बोलीत विचारून बघा.

शिक्षकांच्या यादीत दंगेखोर मुलं हमखास असतात. शांत, सुवाच्य अक्षराची, फळ्यावरचं नीट उतरवणारी सुटतात.

चौथी_ब: शिक्षकांची यादी निकालानंतर मागवली तर चालेल?

मोजपट्टी: नाही, गुण दिसले की यादी त्यांच्याकडेच झुकते. पेपरच्या आधी घ्या. 'कच्चा कोण' असं विचारू नका. प्रत्येक नावापुढे 'हातच्याची वजाबाकी येते का', 'अनोळखी उतारा वाचतो का' एवढं हो-नाही भरून घ्या. आणि 40 ची रेघ फार ताणू नका, 38 आणि 42 यांत एखाद्याच प्रश्नाचा फरक असतो. रेघेच्या आसपासची सगळी तोंडी तपासा.