थिसिसमधलं 'अ‍ॅट पार' शेतकऱ्याला मराठीत कसं सांगायचं?

काळी_माती

नमस्कार मंडळी. मी अ‍ॅग्रोनॉमीत पीएचडी करतेय, विद्यापीठ कोणतं ते राहू द्या. विषय सोयाबीन आणि खताच्या मात्रा, ७५, १०० आणि १२५ टक्के. थिसिस अर्थातच इंग्रजीत, पेपरही इंग्रजीत, आणि आता गाईड म्हणाले मेळाव्यात वाटायला एक पानाची मराठी घडीपत्रिका कर. मी दोन रात्री बसून अ‍ॅबस्ट्रॅक्टचंच मराठी केलं, एकेक शब्द कोशात बघून. त्यातलं मुख्य वाक्य असं झालं:

"शिफारशीत खत मात्रेच्या १२५ टक्के मात्रेमुळे सर्वाधिक उत्पादन नोंदविण्यात आले व ते १०० टक्के मात्रेशी समतुल्य आढळून आले. ७५ टक्के मात्रेपेक्षा या दोन्ही मात्रा लक्षणीयरीत्या सरस ठरल्या."

गाईडनी वाचलं, ओके म्हणाले. डिपार्टमेंटमधे कुणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. मग सुट्टीत घरी गेले तेव्हा एक प्रत बाबांना दिली. बाबा बारावी झालेत, पेपर रोज वाचतात, सोयाबीन पंचवीसेक वर्षं करतायत. त्यांनी ओसरीवर बसून दोनदा वाचलं आणि काहीच बोलले नाहीत, मला वाटलं पटलं. पेरणीच्या आठवड्यात फोन केला तर म्हणाले, तुझ्या कागदात सव्वापट लिवलंय म्हणून आपल्या ४ एकराला सुपरच्या (सुपर फॉस्फेट खताच्या) ३ बॅगा जास्तीच्या आणून ठेवल्यात.

मला काही सुचेना. माझ्या प्रयोगाचा अर्थ बरोब्बर उलटा होता, जास्तीचं खत घालून उपयोग नाही, आहे तेवढंच पुरे. तेच तर 'अ‍ॅट पार' म्हणजे, ज्याचं मी 'समतुल्य' केलं. आणि माझ्याच वडिलांना माझंच मराठी वाचून ते कळलं नाही. बॅगा परत करता आल्या, पण मेळाव्यात ज्या दोनशे प्रती वाटल्या गेल्या त्यांचं काय झालं असेल हे डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न असा, की हे लिहायचं कसं? सोपे शब्द वापरून बघितले तर गाईड म्हणतात शास्त्रीय राहिलं नाही. आणि शास्त्रीय ठेवलं तर असं होतं.

माजी_सहाय्यक

ताई, आधी हे सांगतो की तुमचं मराठी चुकलेलं नाही, वाक्य शुद्ध आहे. पण ते तुमच्या कमिटीला दिलेलं उत्तर आहे, शेतकऱ्याला दिलेलं नाही. मी ३१ वर्षं कृषी सहाय्यक म्हणून गावोगाव फिरलो, असली पत्रकं हजारांनी वाटलीत, त्यामुळे बोलतो.

फवारणीच्या पत्रकात खाली एक ओळ असते बघा, 'वरील प्रमाण साध्या पंपासाठी असून पॉवर पंपासाठी तिप्पट करावे'. ही ओळ बरोबर आहे. पेट्रोलवरचा पॉवर पंप थोड्या पाण्यात धुक्यासारखं उडवतो, साध्या पंपाला लागतं त्याच्या एक तृतीयांश पाण्यात तेवढंच रान होतं, म्हणून औषध पाण्यात तिप्पट, एकरी मात्र तेवढंच. लिहिणाऱ्याला हे सगळं माहीत असतं म्हणून तो एका ओळीत उरकतो. मग गावात बॅटरीचे पंप आले. ते पाणी उडवतात साध्या पंपाइतकंच, फक्त दांडा हाणावा लागत नाही. पण लोक त्यालाही पॉवरचा पंप म्हणायला लागले! माझ्या सज्जात एकाने बॅटरी पंपात तिप्पट औषध टाकून दोन एकर कपाशी मारली, पानं करपून कागदासारखी झाली होती, आणि माझ्यापुढं तेच पत्रक धरून विचारलं, साहेब यात चूक काय केली सांगा. त्याची चूक नव्हतीच. त्या दिवसापासून मी पत्रक वाटताना तोंडाने 'एका एकराला एवढंच औषध, पंप कोणताबी असो' हे पहिलं सांगायला लागलो.

तर तुमच्या कागदात एकर कुठाय? बॅग कुठाय? आपल्या मराठवाड्यात सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० (नत्र, स्फुरद, पालाश, किलोत) धरतात, तुम्ही १०० टक्के म्हणता ते हेच असेल. शेतकरी ना हेक्टर मोजतो ना नत्र-स्फुरद, तो बॅगा मोजतो. हिशोब करून द्या. एकरी झालं १२:२४:१२. सिंगल सुपरमधे स्फुरद १६ टक्के, म्हणजे २४ किलोसाठी १५० किलो, सरळ ३ बॅगा. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २६ किलो. पालाशसाठी पोटॅश, तो ६० टक्क्यांचा, २० किलो. आणि जो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) टाकतो त्याला एकरी साधारण १ बॅग डीएपी, त्यातनं ९ किलो नत्र आलंच, वर ६ किलो युरिया आणि तेवढाच २० किलो पोटॅश. हे भाषांतरात येत नाही, हे परत बसून करावं लागतं.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, शेतीची पार्श्वभूमी नाही, तरी थोडं बोलतो कारण इथे सगळा दोष 'पुस्तकी भाषा' म्हणून तिच्यावर जाईल असं दिसतंय आणि ते मला बरोबर वाटत नाही.

'अ‍ॅट पार' हा शब्द उगाच आलेला नाही. समजा दोन मात्रांच्या उत्पादनात हेक्टरी १ क्विंटलचा फरक दिसला आणि तुमची सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा मानायला किमान जेवढा लागतो तो आकडा, २ क्विंटल आहे. मग तो १ क्विंटल खताचा की एका वाफ्यात माती जरा बरी होती त्याचा, हे सांगता येत नाही. म्हणून प्रामाणिकपणे लिहायचं की दोन्ही अ‍ॅट पार. म्हणजे 'सारखे आहेत' असंही नाही, 'वेगळे आहेत असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही' एवढंच. 'समतुल्य' म्हटलं की दोन्ही अगदी सारखे असं सिद्ध झाल्यासारखं वाटतं, मला तो शब्द पहिल्यापासून खटकतो.

आणि गंमत बघा, ही सगळी भाषा खताच्या प्रयोगांतूनच वाढली आहे. इंग्लंडमधे रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते, आकड्यांचे ढीग पडून होते, तिथे १९१९ मधे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर गेले आणि त्या आकड्यांना कसं वाचायचं याच्या पद्धती त्यांनी बसवल्या. फरक खरा मानायची जी ५ टक्क्यांची पातळी तुम्ही आज लिहिता ती रूढ झाली त्यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. आपल्याकडे तर प्रत्येक अ‍ॅग्रीच्या थिसिसमधे पानसे आणि सुखात्मे यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाचा हवाला असतोच, त्यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. शेतावरच्या फरकाला फसू नये म्हणून घडवलेली ही भाषा आहे, तिला टाकाऊ म्हणू नका. पेपरात ती तशीच राहू द्या.

पण घडीपत्रिकेत तिचा निष्कर्ष सांगा. दोन मात्रांत फरक सिद्ध होत नसेल तर निर्णय काय? कमी खर्चाची घ्या. हे वाक्य पेपरात लिहायची गरज नसते, कारण वाचणारे सगळे मनातल्या मनात पूर्ण करतात. तुमच्या बाबांनी ते पूर्ण करावं ही अपेक्षा चुकीची होती.

बांधावरून

ताई मी लातूरकडचा शेतकरी, ९ एकर कोरडवाहू, तुमच्या बाबांच्या जागी मी असतो तर मी पण सव्वापटच केलं असतं. कारण काय की तुमच्या वाक्यात पहिला आकडा १२५ आला आणि त्याच्यापुढं 'सर्वाधिक' आलं. आम्ही वाचतो तेव्हा सर्वाधिक वाचलं की पुढचं समतुल्य बिमतुल्य डोळ्याखालून जातंय नुसतं. दुकानदार पण तेच सांगतो की जास्त टाका जास्त येतंय, आणि विद्यापीठाच्या कागदावर पण तेच दिसलं मग माणूस कशाला थांबल.

दुसरं म्हणजे कारण लिहा. नुसतं 'टाकू नका' म्हटलं तर शेजारच्याचं हिरवंगार बघून माणूस टाकतोच. नत्र जास्त झालं की सोयाबीन माजतं, कमरेएवढं वाढतं आन शेंगा मोजक्याच, हे आम्ही डोळ्यानं बघितलेलं आहे, ते तुम्ही लिहिलं की लगेच पटतंय. सुपरमधे गंधक असतं ते पण लिहा, तेलबियाला लागतं, डीएपीत नसतं ते.

आन मोजमापाचं माजी_सहाय्यक काका बोलले त्यात भर, पेरताना आम्ही एकर पण मोजत नाही, बियाण्याची बॅग मोजतो. एका ३० किलोच्या बॅगमागं एक एकर धरतो, त्या मागं खत किती एवढं सांगितलं की तिफणीवरच्या गड्याला पण समजतंय.

एक विचारायचं होतं, तुमचा प्रयोग पाण्याखाली होता का कोरडवाहू? ते कागदात कुठंच नाही.

काळी_माती

कोरडवाहू, भारी जमीन, दोन खरीप. खरं सांगते हा प्रश्न वाचून मी थिसिस उघडून बघितला, हे सगळं तिथे मटेरियल अँड मेथड्समधे आठ पानं आहे, आणि घडीपत्रिकेत एक शब्द नाही. मी ते 'पद्धत' म्हणून गाळलं होतं, शेतकऱ्याला पद्धत कशाला असं वाटून. आता लक्षात येतंय की जॉइंट अ‍ॅग्रेस्कोत, म्हणजे शिफारशी ठरवणाऱ्या संयुक्त बैठकीत, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची माणसं बसून शिफारशीच्या एकेका शब्दावर का अडतात. ते एकच लांबलचक 'शिफारस करण्यात येते' वालं वाक्य असतं, वाचताना दम लागतो, पण विभाग कोणता, हंगाम कोणता, जमीन कोणती हे सगळं त्यात असतंच. मी तेवढंही ठेवलं नव्हतं.

आकडेमोड सर, 'वाचणारे मनात पूर्ण करतात' हे तुमचं वाक्य मी गाईडना दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले परत लिही. आज सकाळी हे लिहिलंय, चुका काढा:

"सोयाबीनला शिफारशीएवढंच खत द्या. जास्त देऊन फायदा दिसला नाही. एका एकराला (बियाण्याच्या ३० किलोच्या एका बॅगेमागे) सुपर फॉस्फेट ३ बॅगा, युरिया अर्धी बॅग, पोटॅश २० किलो, सगळं पेरतानाच. आम्ही दोन खरीप हंगाम भारी कोरडवाहू जमिनीत सव्वापट खत देऊन बघितलं. उत्पादन थोडं जास्त दिसलं, पण तो फरक खतामुळेच पडला असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. खर्च मात्र एकरी सुपरची पाऊण बॅग, साडेसहा किलो युरिया आणि ५ किलो पोटॅश एवढा वाढला. नत्र जास्त झालं की सोयाबीन माजतं आणि शेंगा कमी धरतात. खतात कपातही करू नका, पाऊणपट खत दिलं तिथे उत्पादन स्पष्ट घटलं. हलक्या किंवा पाण्याखालच्या जमिनीत आम्ही हा प्रयोग केलेला नाही."

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले शेवटची ओळ चांगली आहे, असं कुणी लिहीत नाही.

माजी_सहाय्यक

फार चांगलं झालंय. एकच दुरुस्ती, पण महत्त्वाची. 'युरिया अर्धी बॅग' काढा. २०१८ पासून युरियाची बॅग ४५ किलोची आहे, अर्धी म्हणजे साडेबावीस होते, तुमचे २६ होत नाहीत. आणि जुने लोक अजून ५० चीच धरून चालतात. सरळ २६ किलो लिहा, घरोघरी काटा असतो आता.

आणि माती परीक्षणाची पत्रिका ज्याच्याकडे आहे त्याने त्याप्रमाणे द्यावं, ही एक ओळ टाका. छापून आलं की मला पन्नास प्रती पाठवा, आमच्या गावात पेरणीच्या आधी पारावर बैठक असते, तिथे मी स्वतः वाचून दाखवतो.

बांधावरून

काका बैठक कधी ते इथं टाका, जवळ असंल तर मी पण येतो.