केउन्याची झाडे: सावड की वेठ?

काटेसावर:
काल ‘माळरान’ यांनी येथे लिहिले की, पेरूतील कुस्कोच्या खोऱ्यांत केउन्या या अँडीज पर्वतातल्या स्थानिक जातीची झाडे लावण्याचे जे काम चालते, ती परदेशी पैशावर केचुआ या तिथल्या मूळ रहिवासी शेतकऱ्यांकडून करून घेतलेली वेठबिगारी आहे. हा शब्द मला फार लागला, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे काम करणारी ‘इकोआन’ ही संस्था २००० साली कुस्कोच्याच लोकांनी उभी केली आणि तिचे संस्थापक कॉन्स्टँटिनो आउका स्वतः केचुआ वंशाचे आहेत. २०१४ पासून तेथे ‘केउन्या राइमी’ ही लागवडीची जत्रा भरते, तेव्हा गावेच्या गावे चार हजार मीटरच्या वर चढून जातात. ओयांतायतांबोच्या वरच्या अंगाला एका गावात मी तीन आठवडे राहिले. एरवी ज्या शालीत तान्हे मूल असते, त्याच शालीत रोपे बांधून बायका ती पाठीवरून नेत होत्या. केउन्याची साल तांबूस असते आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. ही झाडे धुके अडवतात, खालच्या शेवाळात पाणी मुरते आणि ते झऱ्यांवाटे त्यांच्याच बटाट्याच्या वाफ्यांत उतरते. आपली सावड तशी त्यांची ‘आय्नी’, आपले इर्जिक तशी त्यांची ‘मिंका’. इर्जिकाला आपण कधी वेठ म्हटले आहे का?

माळरान:
ताई, सावड फेडावी लागते, एवढेच तुम्ही सांगायचे राहिलात. आज मी तुमच्या शेतात राबलो, तर उद्या तुम्ही माझ्या शेतात येता. डोंगरावर लावलेल्या झाडाची सावड कोण फेडणार? याच चळवळीला २०२३ साली ‘अर्थशॉट’ या पर्यावरण पुरस्काराचे दहा लाख पौंड मिळाले, पण ज्या उतारावर रोपे लागतात, तेथे पुढची काही वर्षे मेंढरे आणि अल्पाका चरत नाहीत, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मी लहान असताना आमच्या गायरानात एका खात्याने चर खणून झाडे लावली आणि माझ्या आजीला सात शेळ्या एकाच बाजारी विकाव्या लागल्या. झाडे जगली नाहीत, शेळ्याही परत आल्या नाहीत.

बांधावरचा:
आपण दोघेही मूळ रोगाबद्दल बोलत नाही. एकोणिसाव्या शतकात अँडीजमध्ये निलगिरी आणली गेली आणि आज कुस्कोभोवतीचे उतार तिनेच व्यापले आहेत. माझ्या वडिलांनी बांधावर निलगिरीच्या दोन ओळी लावल्या होत्या. त्यांच्या लगतच्या दहा फुटांत ज्वारी गुडघ्याच्या वर आली नाही. आधी निलगिरी उपटावी, मग केउन्या लावावा.

माळरान:
उपटा म्हणणे फार सोपे आहे! त्या खोऱ्यांतल्या घरांचे वासे निलगिरीचे आहेत आणि भाकरीच्या भट्ट्याही तिच्यावर पेटतात. ती नसती, तर उरलेसुरले केउन्येसुद्धा चुलीत गेले असते. गरिबाच्या सरपणावर घाव घालणारे पर्यावरण मला मान्य नाही.

बांधावरचा:
सरपण मलाही कळते, साहेब, मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. विहिरीचा तळ दिसू लागला, की सरपण हातात घेऊन काय शिजवायचे, तेवढे सांगा.

डोंगरवाट:
कृपया आवाज चढवू नका. निलगिरी खालच्या उतारांवर वाढते, तर केउन्या जवळजवळ पाच हजार मीटरपर्यंत तग धरतो. एकाला उपटून दुसरा लावण्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी येतच नाही. मधल्या पट्ट्यातल्या शेतांकडे मात्र कोणीच पाहिले नाही. कुस्कोजवळच्या पिसाकच्या वरच्या ‘पार्के दे ला पापा’त, म्हणजे बटाट्यांच्या उद्यानात, गावकरी हजाराहून अधिक जातींचे बटाटे राखतात, जमीन आळीपाळीने पड ठेवतात, आणि तेथल्या शेतांत नत्र धरणारी तार्वी ही शेंगांची वनस्पतीही पेरतात, जिचे कडू दाणे कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाहीत. २००४ साली या गावांनी आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून आपल्या जाती परत आणल्या. वेठीला धरलेला माणूस कराराला बसत नाही.

माळरान:
हा करार मला ठाऊक नव्हता. वेठबिगारी हा शब्द मी मागे घेतो, चराईचा मुद्दा घेत नाही.

काटेसावर:
तो घेऊही नका. मी होते त्या गावात सभेत एक म्हातारी उठली आणि जवळच्या उतारावर रोपे लावाल, तर माझी मेंढरे कुठे न्यायची, असे तिने विचारले. तासभर वाद झाला. दुसऱ्या दिवशी खड्डे ओढ्याच्या पलीकडे खणले गेले, आणि ती म्हातारीही शालीत रोपे बांधून आली.