पासपोर्ट रिन्यू : बाबांना काउंटरवरून परत पाठवलं, मदत हवी आहे

घाईत_आहे :
कुणी पटकन सांगेल का? बाबांचा पासपोर्ट रिन्यू करायला गेलो, बी काउंटरवरून (कागद तपासतात तिथून) परत पाठवलं. १५०० रुपये भरलेत, ते बुडाले का? दीड महिन्यावर दुबईचं विमान आहे, ताईकडे. 'साइटवर वाचा' सांगू नका, वाचलंय.

निवांत :
का परत पाठवलं ते लिहाल का? पासपोर्ट संपलाय की संपायचाय? कागद कोणते नेले?

घाईत_आहे :
तीन महिन्यांत संपतोय. दुबईला सहा महिने शिल्लक लागतात म्हणून धावपळ. आधार नेलं होतं. नाव जुळत नाही म्हणाले.

झटपट :
सरळ तत्काळ टाका, ३५०० मध्ये काम. आमचा पाचव्या दिवशी स्पीड पोस्टाने घरी आला.

निवांत :
तत्काळने स्पेलिंग सुधारतं का? तिथेही बी काउंटर आहेच.

झटपट :
अनुभव सांगितला, भांडायला नाही आलो.

चहाबाज :
आमच्या गल्लीत एक एजंट आहे, सगळं बघतो.

निवांत :
फॉर्म भरून देईल. बोटांचे ठसे द्यायला बाबांनाच जायचंय.

सुमनकाकू :
फोटो तिथेच काढतात हो. पांढरा शर्ट घालून नेऊ नका, मागचा पडदाही पांढराच असतो. आमच्या ह्यांचं नुसतं डोकं तरंगतंय.

घाईत_आहे :
पासपोर्टवर दत्तात्रयच्या शेवटी 'ए' आहे, आधारवर नाही. एवढंच! आणि पासपोर्टवरचा पत्ता सांगलीचा आहे, आम्ही आता पुण्यात.

निवांत :
अहो, हे 'आणि' म्हणून शेवटी सांगायचं? पत्ता बदललाय म्हणजे फॉर्ममध्ये तेही कारण टाकायला हवं. टाकलंत? पुण्याच्या पत्त्यावर पोलीस येतील, तेव्हा बाबा घरी हवेत. पत्त्याला आधारच हवं असं नाही. लाइटबिल किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं, फक्त नाव पासपोर्टसारखंच हवं. तुम्हाला बाहेर पडताना एक कागद दिला असेल. फाइल होल्डवर असेल तर पुन्हा पैसे नाहीत, त्याच एआरएनवर, म्हणजे अर्जाच्या नंबरवर, जायचं. कागदावर काय लिहिलंय?

घाईत_आहे :
कागद?

(पंधरा मिनिटांनी)

घाईत_आहे :
सापडला. बाबांनी औषधांच्या पिशवीत घडी करून ठेवला होता. होल्डच आहे. पत्त्याचा पुरावा मागितलाय, नावाचं पेनाने खाली लिहिलंय. पत्ता बदलल्याचं टाकलं नव्हतं, टाकतो. लाइटबिल माझ्या नावावर आहे.

चहाबाज :
एजंटचा नंबर देऊ का?

घाईत_आहे :
नको. पासबुक मिळालं! पत्ता पुण्याचा, नावात 'ए' आहे. फोटो मात्र २००९ चा, मिशीसकट. आता मिशी नाही. चालेल का?

निवांत :
मिशीचं सोडा. फोटोवर बँकेचा शिक्का आहे का ते बघा.

घाईत_आहे :
अर्धा आहे.

निवांत :
उद्या दहाला बँकेत जा, पूर्ण मारून घ्या.