एन्थिमीम विसरू नका
वक्तृत्व म्हणजे श्रोत्यांच्या भावना चाळवणं, हे मत ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवलं जातं. वक्तृत्वावरच्या आपल्या ‘रेटॉरिक’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो आधीच्या लेखकांना नेमकं याचसाठी झोडपतो: राग-दयेवर भर, आणि पटवून देण्याचा गाभा असलेल्या ‘एन्थिमीम’बद्दल अवाक्षर नाही! एन्थिमीम म्हणजे बहुधा एखादं विधान गाळून केलेलं अनुमान. त्याचंच उदाहरण: डोरिअस या खेळाडूने मुकुटाची स्पर्धा जिंकली हे पटवायला ‘तो ऑलिम्पियात जिंकला’ एवढं पुरे; तिथे बक्षीस मुकुटाचं, हे कोणाला सांगावं लागत नाही.

विधान गाळायचं कशाला? प्राचीन अथेन्सच्या सार्वजनिक खटल्यांत ज्युरी किमान ५०१ जणांची, वेळ पाणघड्याळावर. प्रत्येक पायरी उलगडत बसलात तर ऐकणाऱ्यांचा धागा सुटणार. मात्र गाळलेलं विधान त्यांना मान्यच नसेल, तर अख्खा युक्तिवाद कोसळतो. भावना ‘रेटॉरिक’च्या दुसऱ्या भागात येतात, पण तिथेही प्रश्न काटेकोर: राग कुठल्या मनःस्थितीत, कोणावर, कशामुळे?